दहा तासांची सिरिंज

पंपावर लावलेली पन्नास मिलीची सिरिंज, तासाला पाच मिली औषध. म्हणजे दहा तास. आमच्या आयसीयूतल्या एका सिस्टरचं म्हणणं होतं की तिची सिरिंज साडेआठ तास होण्याच्या आतच संपते. रोज नाही, कधीकधी.

हे 'कधीकधी'च तिच्या अंगाशी आलं. पंप रोज चुकला असता तर पंप बिघडला असं सगळ्यांनी म्हटलं असतं. तो अधूनमधून चुकत होता, म्हणून सिस्टर चुकते असं ठरलं.

मी तेव्हा नवी मुंबईतल्या एका मध्यम आकाराच्या खाजगी रुग्णालयात बायोमेडिकल इंजिनिअर होतो. रुग्णालयाचं नाव इथे लिहीत नाही. आयसीयू बारा खाटांचा, खाटेमागे दोन-दोन सिरिंज पंप, आणि तळघरात एसीच्या डक्टखाली माझं वर्कशॉप. सकाळी ठाण्याहून नेरुळची गाडी पकडायची, आल्या आल्या रात्रीचं तक्रार रजिस्टर बघायचं, असा दिनक्रम. त्या रजिस्टरात या सिस्टरची 'पंप फास्ट चालतो' अशी नोंद तीनदा होती. तिन्ही वेळा मी पंप खाली आणला, तपासला, 'ओके' असा शेरा मारला आणि वर पाठवला. ही माझी बाजू आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जरा शहाण्यासारखा वागलेलो दिसेन.

ती पहाट

बेड चारवर सेप्सिसचे, म्हणजे संसर्ग अंगभर भिनलेले, एक आजोबा होते. बीपी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन या रक्तदाब वाढवणाऱ्या औषधावर टिकून होतं. रात्री आठला नवी सिरिंज लावली, ती सकाळी सहाला संपायला हवी होती. संपली चार पंचवीसला. सिस्टरने ट्रॉलीतून दुसरी सिरिंज भरून लावली आणि काही मिनिटांतच मीन प्रेशर (सरासरी रक्तदाब) ६८ वरून ५६ वर आलं. तिने रेट वाढवला, रजिस्ट्रार डॉक्टरांना उठवलं, अर्ध्या तासात गाडी रुळावर आली. आजोबा पुढे स्वतःच्या पायांनी घरी गेले.

इन्सिडन्स फॉर्ममध्ये 'कारण' या रकान्यात लिहिलं गेलं, 'सिरिंज बदलताना विलंब'. 'उपाय' या रकान्यात, 'स्टाफचं समुपदेशन'. सिरिंज पूर्ण भरली नसेल, मधेच बोलस, म्हणजे एकदम जादा डोस, दिला असेल, नळीच्या थ्री-वे जोडाला गळती असेल अशा तीन शक्यता मेट्रन मॅडमनी तिच्यासमोर ठेवल्या. तिन्हींत चूक तिचीच.

ड्युटी संपल्यावर ती घरी न जाता तळघरात आली. हातात किडनी ट्रे, ट्रेमध्ये रिकामी सिरिंज, आणि मोबाइलमध्ये पंपाच्या स्क्रीनचा फोटो.

"सर, पंप म्हणतो बेचाळीस मिली गेले. सिरिंज रिकामी आहे. मग वरचे आठ मिली काय मी प्यायले?"

सिरिंजवर मायक्रोपोरची पट्टी तशीच होती. त्यावर बॉलपेनने 'सुरू ८.००, संपेल ६.००' असं लिहिलेलं. रात्रपाळीच्या बऱ्याच सिस्टर अशी पट्टी लावतात, कुणीही न शिकवता. ऑडिट जवळ आलं की 'अस्वच्छ दिसतं' म्हणून आमच्याकडे या पट्ट्या काढायला लावत. अख्ख्या प्रकरणात वेळेवर बोललेली सुरक्षाव्यवस्था ही एवढीच.

व्हर्निअर

मी वर जाऊन ट्रॉलीतल्या पन्नास मिलीच्या चार सिरिंज उचलून आणल्या. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि तिथेच निम्मं उत्तर मिळालं. दोन उंच आणि सडपातळ, दोन बुटक्या आणि जाड. कंपन्या दोन. पट्टी लावली: शून्यापासून पन्नासच्या खुणेपर्यंत एकीत ८९ मिलिमीटर, दुसरीत ७५. प्लंजर (दट्ट्या) ओढून काढून व्हर्निअरने आतला व्यास मोजला: २६.७ आणि २९.१.

सिरिंज पंपाला औषध दिसत नाही. त्याला येतं ते एकच काम, प्लंजर पुढे ढकलणं. तासाला पाच मिली द्यायचे तर किती मिलिमीटर ढकलायचं, हे तो नळीच्या व्यासावरून काढतो, आणि तो व्यास त्याच्या आत साठवलेल्या यादीतून घेतो. सिरिंज वीसची की पन्नासची हे वरच्या क्लॅम्पमुळे कळतं. पण पन्नासच्या दोन सिरिंज वेगळ्या कंपन्यांच्या असतील तर त्यांतला फरक त्या क्लॅम्पला कळत नाही. ते माणसाने स्क्रीनवर सांगायचं.

आमचा पंप सडपातळ सिरिंज धरून चालला होता. बसवलेली होती जाड. व्यासाचा वर्ग घेतला की हिशोब सुटतो: २९.१ चा वर्ग भागिले २६.७ चा वर्ग, म्हणजे १.१९ च्या जवळपास. तासाला ५ ऐवजी ५.९४ मिली. पन्नास मिली संपायला आठ तास पंचवीस मिनिटं. तेवढ्या वेळात पंपाने स्वतःच्या हिशोबाने दिलेलं औषध, ५ गुणिले ८.४२, म्हणजे बेचाळीस मिली. आठ मिली कुणी प्यायलं नव्हतं.

खात्रीसाठी फार्मसीतून तराजू मागून आणला. पाणी भरलं, दर तासाला दहा, एक तास चालवलं. सडपातळ सिरिंजमधून दहा ग्रॅमच्या आसपास पाणी आलं, जाडमधून जवळपास बारा. पाण्याचा एक मिली म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे यात महागडं यंत्र लागलं नाही. मग आधीच्या तीन वेळा मला हे का सापडलं नाही? मी वर्कशॉपमध्ये तपासणीसाठी नेहमी माझ्या कपाटातली सिरिंज वापरत होतो. ती जुन्या कंपनीची होती. पंप उत्तम चालत होता, कारण मी त्याला त्याच्या आवडीचंच जेवण देत होतो. माहितीपत्रकात अचूकता अधिक-उणे दोन टक्के अशी ठळक छापलेली, आणि तळाशी बारीक अक्षरात: यादीतील सिरिंज वापरल्यास.

जाड सिरिंज आली कुठून, तर महिन्याभरापूर्वी परचेसने पुरवठादार बदलला होता. नवा माल थोडा स्वस्त. जुना साठा संपेपर्यंत दोन्ही एकाच खोक्यात. म्हणूनच ते 'कधीकधी'. मी स्टोअरच्या भाऊंना विचारलं तर ते निरागसपणे म्हणाले, "सर, पन्नास एमएलची म्हणजे पन्नास एमएलचीच ना?" सिरिंज हाताने वापरायची असेल तर त्यांचं शंभर टक्के खरं होतं. खुणा बरोबर आहेत, आत पन्नासच मावतात. सिरिंज एकटी निर्दोष, पंप एकटा निर्दोष. दोघं एकत्र आले की घोळ.

आणि हा घोळ महिनाभर लपून राहिला, त्यालाही कारण आहे. नॉरअ‍ॅड कोणी कागदावरचा आकडा पाहून चालवत नाही, बीपी पाहून चालवतात. औषध एकोणीस टक्के जास्त जात असेल तर बीपी चढतं, सिस्टर रेट थोडा उतरवते, सगळं जुळून येतं. चूक उपचारात विरघळते. ती वर येते सिरिंज बदलताना. जाडच्या जागी सडपातळ लागली की त्याच आकड्यावर औषध एकदम सोळा टक्के कमी होतं. त्यात नवी सिरिंज लावल्यावर पंपाचा दांडा प्लंजरला नीट टेकेपर्यंत काही क्षण काहीच पुढे जात नाही. नॉरअ‍ॅडचा असर दोन-तीन मिनिटांत ओसरू लागतो, तेव्हा तेवढं पुरतं. इन्शुलिन किंवा रक्त गोठू न देणारं हेपारिन असतं तर चूक अशी वरही आली नसती. दर मिनिटाला बोलणारा मॉनिटर तिथे नसतो. हा विचार आला तेव्हा मी जेवणाचा डबा तसाच मिटून ठेवला.

परीक्षा कोणाची

दोन दिवसांनी मीटिंग झाली. तीन सूचना आल्या: सगळ्यांचं पुन्हा ट्रेनिंग घ्या, पंपावर स्टिकर लावा, दोन सिस्टरनी तपासून सह्या करा. कुठल्याही रुग्णालयातल्या कुठल्याही मीटिंगमध्ये याच तीन येतात. मी म्हटलं, आठवडाभर थांबा, आधी बघू तरी की त्या स्क्रीनपुढे होतं काय.

पंप विकत घेताना हे कुणी बघितलं नव्हतं का? बघितलं होतं, असं कागद सांगतो. खरेदीच्या तुलनातक्त्यात 'वापरण्यास सुलभ' असा रकाना होता आणि तिन्ही कंपन्यांपुढे 'होय' लिहिलं होतं. डेमोच्या दिवशी कंपनीच्या माणसाने दुपारी कॉन्फरन्स रूममध्ये पंप चालवून दाखवला, समोसे मागवले आणि फीडबॅक फॉर्म वाटले. समोसा खाल्लेल्या माणसाने पाचपैकी पाच द्यायचे असतात. दिले.

मी वेगळ्या पद्धतीने केलं. आयसोलेशनची रिकामी खाट, पंप खऱ्या स्टँडवर खऱ्या उंचीला, दिवे रात्री असतात तेवढेच, शेजारी मॉनिटरवर सिम्युलेटर लावून खालावत जाणारं बीपी. वेळ रात्री दोन ते चार, ज्यांना जमेल तसं. सात जणी-जण मिळाले: पाच सिस्टर, दोन ब्रदर. हातात चिठ्ठी: 'नॉरअ‍ॅड, ५० मिली, ताशी ५, बेड ४.' सिरिंज जाड कंपनीची. मी मागे उभा राहून लिहायचं, मधे बोलायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. समोरचा माणूस अडखळला की आपली जीभ वळवळते.

पहिल्याच सिस्टरने विचारलं, "सर, हे अप्रेझलमध्ये धरणार का?" मी कागद तिच्यासमोर धरला. 'परीक्षार्थी' या शब्दापुढे मी पंपाचा सीरियल नंबर लिहिला होता. ती हसली आणि मग नीट, नेहमीच्या वेगाने काम करू लागली. मनात येईल ते मोठ्याने बोला असं सांगितलं होतं, पण आमच्याकडच्या बऱ्याच सिस्टर केरळच्या. घाईत त्या मल्याळममध्ये पुटपुटत आणि मला काही कळत नसे. हात मात्र कळत होते.

पंप सुरू केल्यावर पहिला प्रश्न, 'मागचा प्रोग्रॅम पुढे चालू ठेवायचा?' दुसरा, सिरिंजची कंपनी आणि आकार. तिसरा, रेट. तिन्हींना होकार देणारं बटण एकच, हिरवं, उजवीकडे खाली. पहिल्या दोन प्रश्नांना सगळ्यांचा अंगठा टक-टक असा एका लयीत पडत होता, जसं लिफ्टचं बटण दाबतो तसं. डोळे त्या वेळी मॉनिटरवर. डोळे पंपाकडे परत यायचे ते रेटच्या आकड्यापाशी. त्या आकड्याची उंची मोठी, ठसठशीत. कंपनीचं नाव जेमतेम तीन मिलिमीटरच्या अक्षरांत, तेही तोडलेल्या चार अक्षरांत.

काम झाल्यावर पंप कपड्याने झाकायचो आणि विचारायचो, सिरिंज कुठल्या कंपनीची निवडली होती? सात जणांपैकी एकाच ब्रदरला सांगता आलं. तो आधी दुसऱ्या रुग्णालयात होता, तिथला पंप वेगळा, म्हणून इथलं प्रत्येक पान तो अजून वाचत होता. सवय नसलेला माणूस सगळ्यात सुरक्षित निघाला. ट्रेनिंग आणि अनुभव वाढला की हे वाचणं थांबणार, हे मीटिंगमध्ये समजावून सांगायला मला बराच वेळ लागला.

पण खरा धडा त्याच ब्रदरकडून मिळाला. त्याने ओळ वाचली, हातातली सिरिंज वाचली, दोन्ही जुळत नाहीत हे ओळखलं, यादी उघडली. अठरा नावं. एकेक खाली जात शेवटपर्यंत गेला, परत वर आला. आमच्या नव्या कंपनीचं नाव यादीत नव्हतंच. मिनिटभर तो तसाच उभा, सिम्युलेटरचं बीपी उतरत चाललेलं, आणि मग त्याने मूळचंच नाव निवडून सुरू केलं.

"काय दाबायला पाहिजे होतं सर?"

बरोबर उत्तर पडद्यावर नव्हतं. ज्यांनी वाचलं नाही ते आणि ज्याने वाचलं तो, दोघंही एकाच जागी पोचले. फरक एवढाच की वाचणाऱ्याचं एक मिनिट जास्त गेलं.

उपकरणांच्या वापरसुलभतेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२३६६-१, सन २०१५ चं. त्यात शब्द फार जपून वापरलेत: 'वापरणाऱ्याची चूक' नाही, 'वापरातली चूक'. मराठीत हा भेद एका प्रत्ययाचा वाटतो, पण इन्सिडन्स फॉर्मवर तो कुणाची तरी नोकरी वाचवू शकतो. माझी सात जणांची चाचणी त्या मानकाच्या भाषेत जडणघडणीच्या टप्प्यावरची, दोष शोधण्यापुरती. उपकरण बाजारात आणण्याआधीच्या अंतिम चाचणीसाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, २०१६ च्या मार्गदर्शिकेत प्रत्येक वापरकर्ता गटातून किमान पंधरा माणसं सुचवली आहेत. मला पंप मंजूर करायचा नव्हता. एक गळती शोधायची होती.

सह्यांचा प्रश्न

दुसऱ्या मीटिंगमध्ये स्टिकर आणि ट्रेनिंग लोकांनी सोडून दिलं. स्टिकर तर मी मुद्दाम एका पंपावर लावून पाहिला होता. मावशींनी पाच दिवसांत स्पिरिटने पुसून पांढरा केला, आणि त्यांचं काहीच चुकलं नाही, पंप पुसणं हे त्यांचं कामच. दोन सह्यांवर मात्र मेट्रन मॅडम अडून होत्या. "दोन डोळ्यांपेक्षा चार बरे," त्या म्हणाल्या, आणि एरवी मीही तेच म्हटलं असतं.

मी त्यांना कॅनडाच्या एडमंटनमधलं २००६ चं प्रकरण सांगितलं. कर्करोगाच्या एका रुग्ण बाईंना फ्लुरोयुरॅसिल पंपातून चार दिवसांत जायचं होतं. ते चार तासांत गेलं. दर ताशी १.२ मिली हवा होता, भरला गेला २८.८. कारण २८.८ हा चोवीस तासांचा आकडा होता आणि चोवीसने भागायचं राहून गेलं. पंप ताशी दर मागत होता, पाकिटाच्या लेबलवर दोन्ही आकडे छापलेले. दुसऱ्या नर्सनेही तपासलं. तिचंही उत्तर २८.८ आलं, लेबलवर २८.८ दिसलं, जुळलं. रुग्ण तीन आठवड्यांनी दगावली. चौकशी अहवाल २००७ मध्ये जाहीर झाला. त्यात नर्सवर बोट ठेवून विषय संपवला नाही, लेबल आणि पंप यांची रचनाही तपासली.

आमच्याकडे तर दुसरी सही करणारी बिचारी जुळवणार कशाशी? यादीत नसलेल्या नावाशी? मॅडम गप्प बसल्या. नंतर बाहेर कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, "तिचं समुपदेशनाचं पान मी फाइलमधून काढते." मी काही बोललो नाही. इतकं त्यांनी स्वतःहून म्हटलं हे पुष्कळ होतं.

धोका कमी करायचा क्रम ठरलेला आहे: आधी रचनाच अशी करा की चूक होऊच नये, ते जमत नसेल तर मधे अडसर घाला, आणि सगळं संपलं की शेवटी सूचना-ट्रेनिंग. आम्ही नेहमी शेवटून सुरुवात करतो, कारण ते फुकट असतं. या वेळी वरून सुरुवात केली. कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला बोलावलं. पंपात बाहेरची सिरिंज मोजून नोंदवायची सोय होती, पासवर्डमागे, जिची माहिती ना मला होती ना डेमोवाल्याने दिली होती. जाड सिरिंज त्यात मोजून घातली, तराजूवर पडताळली, आणि अठरांच्या यादीतली बाकी नावं बंद केली. एका आकाराला एकच कंपनी. निवडायला काही उरलंच नाही. उरलेल्या सडपातळ सिरिंज वॉर्डात पाठवल्या, जिथे त्या हातानेच वापरतात. स्टोअरमध्ये नियम झाला की पन्नास आणि वीसची सिरिंज बदलायची असेल तर नमुना आधी तळघरात यायचा. यावर परचेसची कुरकुर अजून चालू आहे. त्यांच्या मते मी खर्च वाढवतो.

एक फॉर्म भारताच्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमालाही भरला. उपकरणांमुळे झालेल्या किंवा होता होता राहिलेल्या घटना कळवण्यासाठी हा कार्यक्रम ६ जुलै २०१५ ला सुरू झाला, समन्वय गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे. तोवर आमच्या रुग्णालयातून असा एकही फॉर्म गेला नव्हता. उपकरण 'बिघडलं' नव्हतं, मग काय कळवायचं, असं विचारणारे डॉक्टर भेटले. अमेरिकेत २००५ ते २००९ या पाच वर्षांत इन्फ्यूजन पंपांबाबत ५६ हजारांच्या आसपास तक्रारी एफडीएकडे गेल्या, आणि त्या वाचूनच त्यांनी २०१० मध्ये पंप सुधारण्याची मोहीम काढली. सॉफ्टवेअर आणि यांत्रिक बिघाडांच्या जोडीला स्क्रीनची गोंधळात टाकणारी मांडणी हेही एक कारण त्यांनी नोंदवलं. कळवलंच नसतं तर हे दिसलं नसतं.

दीड महिन्याने त्याच खोलीत पुन्हा चाचणी घेतली. टक-टक तशीच होती, डोळे तसेच मॉनिटरवर. कुणाची सवय बदलली नव्हती. पण आता त्या लयीत चुकीचं काही निवडलं जात नव्हतं. पट्टीवर लिहिलेल्या वेळा आणि सिरिंज संपायच्या वेळा पाच-दहा मिनिटांच्या फरकाने जुळू लागल्या. पट्ट्या काढायचा आदेश मागे घेतला गेला.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. आमच्याकडे पनवेलकडून, कधी अलिबागकडून रुग्ण ॲम्ब्युलन्समधून येतात, आणि येताना नॉरअ‍ॅडची सिरिंज भरलेली, लागलेली, चालू असते. कुठल्या कंपनीची ते तिथल्या स्टोअरला माहीत. ती आमच्या पंपात बसते, क्लॅम्प 'पन्नास' म्हणतो, आणि पंप बिनदिक्कत आमचा व्यास धरून चालू लागतो. आता तर यादीत दुसरं नावच नाही, म्हणजे वाचणाऱ्या त्या ब्रदरलाही संशय येणार नाही. हे भोक मीच पाडलंय.

मागच्या पावसाळ्यात रात्री दोन-वीसला फोन वाजला. तीच सिस्टर. "सर, पेशंट आलाय, सिरिंज बाहेरची आहे, जरा लांबडी दिसतेय. काढू?" मी म्हटलं, लगेच काढू नका, आपली सिरिंज भरून दुसऱ्या पंपावर शेजारी सुरू करा, बीपी वर सरकायला लागलं की मग बाहेरची हळूहळू कमी करत बंद करा.

"ते सुरू केलंय सर," ती म्हणाली. "फक्त पट्टीवर वेळ कुठल्या सिरिंजची लिहू, ते विचारायला फोन केला."